अननसाची शर्यत आणि ताडून पाहिलेली उत्तरे

परीक्षेची शेवटची घंटा झाली, की वर्गाबाहेर दुसरी परीक्षा सुरू होते. ‘सातव्याचं तू काय लिहिलंस?’ हा तिचा पहिला प्रश्न. पालक आणि शिक्षक यांचा या दुसऱ्या परीक्षेला सहसा विरोधच असतो. ‘झाला तो पेपर झाला, आता उद्याचा बघ,’ हे वाक्य न ऐकता मराठी घरातून दहावी पार पडलेला विद्यार्थी शोधूनच काढावा लागेल. सल्ला वडीलधाऱ्यांचा असल्याने तो चुकीचा आहे असे कोणी म्हणत नाही आणि तो कोणी पाळतही नाही. एप्रिल २०१२ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या आठवीच्या मुलांनीही तो पाळला नाही. त्यांनी आपापसांत उत्तरे ताडून पाहिली, ती जुळेनात म्हणून घरी विचारले, आणि आठवडा संपण्यापूर्वी राज्याच्या शिक्षण आयुक्तांना एका संपूर्ण उताऱ्यावरचे सहा प्रश्न बाद करावे लागले. प्रमाणित वाचनचाचणीच्या इतिहासात ‘अननस प्रकरण’ म्हणून हा प्रसंग ओळखला जातो. चाचणी सुटल्यावर मुले जे करतात, त्याचे मोल आणि मर्यादा दोन्ही समजून घ्यायला याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

ससा, अननस आणि घुबड

न्यूयॉर्क राज्यात तिसरी ते आठवीच्या विद्यार्थ्यांची इंग्रजी भाषेची चाचणी दरवर्षी होते. २०१२ मध्ये ती प्रत्येकी सुमारे दीड तासाच्या तीन बैठकांत घेण्यात आली. प्रश्नपत्रिका तयार करण्याचे काम पिअर्सन या कंपनीकडे होते. राज्याशी तिचा पाच वर्षांचा, सुमारे ३ कोटी २० लाख डॉलरचा करार झालेला होता. आठवीच्या भागात एक उतारा असा होता. बोलता येणारा एक अननस सशाला शर्यतीचे आव्हान देतो. वनातले प्राणी विचारात पडतात. अननसाला पाय नाहीत, तरी तो आव्हान देतो, म्हणजे त्याने काही डाव राखून ठेवला असणार, असा तर्क सांबरासारखा दिसणारा मूस हा प्राणी मांडतो. इंग्रजीत अशा वेळी ‘बाहीत युक्ती लपवणे’ असा वाक्प्रचार वापरतात. (मराठी अस्तनीत निखारा असतो, इंग्रजी बाहीत डाव असतो, इतकाच फरक.) त्यावर घुबड म्हणते, अननसाला बाह्या कुठे असतात? बोलण्याचा अर्थ तसा नाही, हे त्याला समजावून देण्यात येते आणि सगळे प्राणी अननसाच्या बाजूने उभे राहतात. शर्यत सुरू होते. ससा धावत सुटतो, अननस जागचा हलत नाही. ससा जिंकतो. प्राणी अननसाला खाऊन टाकतात. शेवटी तात्पर्य दिलेले असते, ते घुबडाचेच म्हणणे.

गोष्ट म्हणून हे विनोदी आहे. ससा-कासवाच्या शर्यतीची ती थट्टा आहे आणि थट्टेचे तात्पर्यही थट्टेचेच असायचे. अडचण त्याखालच्या प्रश्नांनी झाली. प्राण्यांनी अननसाला बहुधा कशामुळे खाल्ले, असे एका प्रश्नात विचारले होते आणि भूक, उत्साह, वैताग व गंमत अशा अर्थाचे चार पर्याय दिले होते. सर्वांत शहाणपणाचे कोण बोलले, असा दुसरा प्रश्न होता. पर्याय ससा, मूस, कावळा आणि घुबड. मुलांचे घोडे अडले ते मुख्यतः या दोन प्रश्नांवर. कारण उताऱ्यात प्राण्यांच्या मनःस्थितीचा उल्लेख नव्हता. वाट पाहून वैतागलेला प्राणी अननस खाईल, तसा भुकेलाही खाईल, किंबहुना अननस खाण्याचे अधिक स्वाभाविक कारण भूक हेच. शहाणपणाचे म्हणाल, तर तात्पर्याने घुबडाच्या बाजूने कौल दिला होता. पण वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थ घेणारा शहाणा, की त्याचा लाक्षणिक अर्थ ओळखणारा, असा पेच होताच. वर्षभर लक्षणार्थ शिकवणाऱ्या भाषेच्या तासाला घुबडाचे उत्तर चूक ठरले असते.

ही कथा मुलांसाठी लिहिणारे अमेरिकी लेखक डॅनियल पिंकवॉटर यांच्या ‘बॉर्गेल’ (१९९०) या कादंबरीतल्या एका गोष्टीवर बेतलेली होती. मूळ गोष्टीत अननस नव्हता, वांगे होते आणि तात्पर्यही वेगळे होते: वांग्यावर पैज लावू नये. उतारा वापरण्याचे हक्क लेखकाने विकले होते. पुढचे बदल चाचणी तयार करणाऱ्यांचे. आपण निव्वळ हसण्यासाठी लिहिलेल्या मजकुरातून ‘योग्य उत्तर’ काढण्याचा खटाटोप पाहून पिंकवॉटर यांना आश्चर्य वाटले नाही. त्याचे कारण महत्त्वाचे आहे. त्यापूर्वीही काही वर्षे त्यांना अनोळखी विद्यार्थ्यांची पत्रे येत होती आणि त्यांत एकच विचारणा असे: खरे उत्तर कोणते?

म्हणजे हा उतारा न्यूयॉर्कमध्ये प्रथम अवतरला नव्हता. पिअर्सनच्या प्रश्नसंग्रहात तो आधीपासून होता आणि इलिनॉय, आर्कान्सा, डेलावेअर अशा इतर राज्यांतल्या चाचण्यांत वापरला गेला होता. तिथल्या मुलांनीही बाहेर आल्यावर डोके खाजवले होते, परस्परांना विचारले होते, अगदी लेखकापर्यंत पोहोचली होती. तरीही उतारा टिकला. मुलांच्या घोळक्यात झालेली चर्चा घोळक्यातच विरली, हेच त्याचे कारण.

घोळक्यातून वर्तमानपत्रात

न्यूयॉर्कमध्ये ती विरली नाही. मुलांनी घरी सांगितले, पालकांच्या एका गटाने ते जाहीर केले आणि ‘न्यूयॉर्क डेली न्यूज’ या दैनिकाने बातमी छापली. एक गोष्ट येथे ध्यानात घ्यावी लागते. चाचणीचा मजकूर गोपनीय होता. शिक्षकांना त्याविषयी बोलण्याची मुभा नव्हती. त्यामुळे प्रारंभी जे छापून आले, ते तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या स्मरणावर विसंबून होते आणि त्यात काही तपशील मागेपुढे झाले होते. पूर्ण उतारा वाचला तर तो इतका विचित्र वाटत नाही, असे राज्याच्या शिक्षण विभागाचेही म्हणणे पडले. तथापि मुख्य तक्रार खरी निघाली. २० एप्रिल २०१२ रोजी आयुक्त जॉन किंग यांनी काही प्रश्न संदिग्ध असल्याचे मान्य करून त्या उताऱ्यावरचे सहाही प्रश्न गुणांत धरले जाणार नाहीत, असे जाहीर केले.

कंपनीने नंतर राज्याला दिलेल्या खुलाशात आपली उत्तरे सांगितली: प्राणी वैतागले होते आणि शहाणे बोलणे घुबडाचे होते. हा उतारा अनेक वर्षे वापरात असून त्याविषयी तक्रार आली नव्हती, असाही तिचा युक्तिवाद होता. तो खोटा नव्हता. फक्त तक्रार करायची तर प्रश्न हाती असावा लागतो आणि प्रश्न हाती ठेवण्याची परवानगी कोणालाच नव्हती.

सहा प्रश्नांसाठी एवढा गहजब का, असे वाटू शकेल. पण त्या काळात न्यूयॉर्कमध्ये या गुणांवर बरेच काही टांगलेले होते. न्यूयॉर्क शहरात आठवीतून पुढच्या वर्गात जाण्याचा निर्णय घेताना हे गुण पाहिले जात. शाळांचे प्रगतिपत्रक त्यांवर बेतले जाई. शिक्षकांच्या मूल्यमापनाचा काही भाग विद्यार्थ्यांच्या चाचणीगुणांशी जोडण्याबाबत राज्यात फेब्रुवारी २०१२ मध्ये तडजोड झालेली होती. तेव्हा घुबड शहाणे की मूस, यावर एखाद्या शिक्षिकेच्या सेवापुस्तिकेतली नोंद काही अंशाने का होईना अवलंबून होती. त्याच वर्षी गणिताच्या चाचण्यांतही चुका सापडून आणखी काही प्रश्न वगळावे लागले. पुढे राज्यात चाचण्यांविरोधी वातावरण तापले. २०१५ मध्ये तिसरी ते आठवीच्या सुमारे २० टक्के विद्यार्थ्यांनी चाचणीला बसण्यासच नकार दिला आणि त्याच वर्षी नवे कंत्राट पिअर्सनला न मिळता दुसऱ्या कंपनीकडे गेले. या सर्वांचे खापर एका अननसावर फोडणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु त्या आंदोलनाला चेहरा मिळाला, तो अननसाचा.

पाठ्यपुस्तक नसलेला विषय

गणिताचा पेपर सुटल्यावर दोन मुलांची उत्तरे वेगळी आली, तर कोणीतरी कागदावर पुन्हा उदाहरण सोडवते आणि वाद मिटतो. इतिहासात सनावळी उघडता येते. वाचनचाचणीत असे काही नसते. उतारा हेच तिथले पाठ्यपुस्तक आणि ते प्रश्नपत्रिकेबरोबर परत गेलेले असते. मुले मग आठवणीतल्या उताऱ्यावर आठवणीतल्या पर्यायांचा वाद घालतात. ‘लेखकाचा सूर उपरोधाचा होता,’ असे एक म्हणतो. ‘उपरोध नाही, निराशा,’ असे दुसरी. दोघांनाही मूळ वाक्य नेमके आठवत नाही.

त्यात प्रश्नांची रचना अशी, की वाद व्हावाच. बहुपर्यायी वाचनप्रश्नात एक पर्याय बरोबर असतो आणि उरलेल्या तिहींपैकी एखादा तरी मुद्दाम बरोबर भासेल असा घडवलेला असतो. उताऱ्यातलेच शब्द जसेच्या तसे उचलून किंचित वेगळा अर्थ सांगणारा पर्याय, जगात खरा पण उताऱ्यात नसलेला पर्याय, अर्धाच खरा पर्याय, या त्याच्या नेहमीच्या जाती. विद्यार्थ्याने घाईत वाचले तर तो फसावा आणि काळजीने वाचले तर सुटावा, ही अपेक्षा. चांगल्या प्रश्नात हे साधते. वाईट प्रश्नात काळजीने वाचणाराच फसतो, कारण त्याला दोन्ही बाजू दिसतात.

घोळक्यातल्या बहुमताला येथे फारसा अर्थ नाही, हेही सांगितले पाहिजे. दहापैकी आठ जणांनी ‘क’ लिहिले म्हणून ‘क’ बरोबर ठरत नाही. फसवा पर्याय उत्तम जमला असेल, तर आठ जण त्यातच सापडलेले असतात. चाचणी घेणाऱ्या संस्थाही उत्तरे ताडून पाहतातच, पण त्यांची रीत निराळी. एकूण चाचणीत वरचे गुण मिळवणारे विद्यार्थी एखाद्या प्रश्नात मोठ्या संख्येने उत्तरतालिकेविरुद्ध गेले आणि खालचे गुण मिळवणारे तालिकेप्रमाणे गेले, तर तो प्रश्न संशयित ठरतो व तज्ज्ञांकडे परत जातो. म्हणजे ‘हुशार मुलांनी काय लिहिलं?’ हा वर्गाबाहेरचा प्रश्नच संगणकावर, हजारो उत्तरपत्रिकांना विचारला जातो. मात्र आकडे नीट आले म्हणजे प्रश्न नीट, असे नव्हे. चाचण्यांत मुरलेली मुले परीक्षकाला काय हवे असेल, ते ओळखून घुबडावर खूण करतात. ते वाचनाचे कौशल्य नसते.

गाय, वाघ, उंदीर, लांडगा

हा बहुपर्यायी प्रश्न मुळात जन्मला तोच वाचनचाचणीत. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया येथील शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात काम करणाऱ्या फ्रेडरिक केली यांनी १९१४-१५ च्या सुमारास ‘कॅन्सस मूकवाचन चाचणी’ तयार केली. बहुपर्यायी पद्धतीची ती पहिली मोठी चाचणी मानली जाते. चार प्राण्यांची नावे द्यायची आणि त्यांतला शेतावर उपयोगी पडणारा कोणता त्याभोवती रेघ काढायची. नावे गाय, वाघ, उंदीर आणि लांडगा, असा एक प्रश्न त्यात होता. केली यांच्यापुढची अडचण अशी होती, की एकाच उत्तरपत्रिकेला दोन शिक्षक वेगवेगळे गुण देत. ज्याचे उत्तर एकच आणि निर्विवाद असेल, असाच प्रश्न विचारायचा, हा त्यांनी काढलेला तोडगा होता. १९१७ मध्ये अमेरिकी सैन्याने भरतीसाठी अशाच चाचण्या लाखोंच्या संख्येने वापरल्या, १९२६ मध्ये महाविद्यालयीन प्रवेशाची सॅट परीक्षा आली आणि १९३८ मध्ये आयबीएमने पेन्सिलीच्या खुणा वाचणारे यंत्र बाजारात आणले. तेव्हापासून शिक्षकांमधला मतभेद संपला. तो विद्यार्थी आणि उत्तरतालिका यांच्यात सुरू झाला.

या मतभेदात विद्यार्थ्याला बाजू मांडता यावी, म्हणून कायदा प्रथम केला तोही न्यूयॉर्क राज्यानेच. १९७९ मध्ये संमत होऊन १९८० पासून लागू झालेल्या या कायद्याने प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या संस्थांवर परीक्षेनंतर प्रश्न व उत्तरे विद्यार्थ्यांना उपलब्ध करून देण्याचे बंधन घातले. संस्थांनी त्यास कडाडून विरोध केला होता. कायदा आल्यानंतर थोड्याच काळात सॅटच्या पूर्वतयारीच्या परीक्षेतील भूमितीच्या एका प्रश्नात फ्लोरिडातल्या एका शालेय विद्यार्थ्याचे उत्तर बरोबर आणि संस्थेचे चूक निघाले. दोन पिरॅमिड एकमेकांना चिकटवले तर किती बाजू उघड्या राहतात, असा तो प्रश्न. मुलाने घरी कागदाचे नमुने करून उत्तर पटवून दिले आणि १९८१ मध्ये मोठ्या संख्येने गुणपत्रिका दुरुस्त कराव्या लागल्या. उताऱ्यावरच्या प्रश्नाचा कागदी नमुना करता येत नाही, हे मात्र खरे. तीस वर्षांनंतर त्याच राज्यातली आठवीची चाचणी गोपनीय होती. १९७९ चा कायदा प्रवेशपरीक्षांपुरता होता.

मौनाची अट

मुलांनी बोलू नये, असे परीक्षा घेणाऱ्यांना का वाटते? त्यामागे केवळ अब्रूचा प्रश्न नसतो. प्रमाणित चाचणीचा एकेक प्रश्न लिहून, तपासून, चाचपून पाहून तयार करायला पैसा व वेळ लागतो. शिवाय यंदाचे गुण मागील वर्षीच्या गुणांशी तुलना करण्याजोगे राहावेत, म्हणून काही प्रश्न दोन्ही वर्षी तेच ठेवले जातात. ते फुटले, तर तुलनेचा आधारच निखळतो. आजारी मुलांची चाचणी नंतरच्या दिवशी होते. सॅटसारखी परीक्षा वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या वेळी सुरू होते. सकाळी सुटलेल्याने संध्याकाळी बसणाऱ्याला उत्तर सांगितले, तर ती ताडणी नसून कॉपी होय.

ही भीती काल्पनिक नाही, याचा पुरावा जीआरईने दिला. अमेरिकेतील पदव्युत्तर प्रवेशासाठीची ही परीक्षा पुण्या-मुंबईच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना चांगली परिचित आहे. तिच्या भाषिक विभागात वाचनाचे उतारे असतात. संगणकावरची जीआरई नवी असताना, १९९४ मध्ये, काप्लान या शिकवणी कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी स्वतः परीक्षेला बसून प्रश्न लक्षात ठेवले आणि बाहेर येऊन त्यांची यादी तयार केली. तेच प्रश्न वारंवार येतात, हे त्यांना दाखवून द्यायचे होते. परीक्षा घेणाऱ्या ईटीएस संस्थेला डिसेंबरमध्ये संगणकीय परीक्षा काही काळ थांबवावी लागली; तिने काप्लानवर दावाही लावला. २००२ मध्ये याचीच मोठी आवृत्ती निघाली. चीन, तैवान आणि दक्षिण कोरियात परीक्षा देऊन आलेले विद्यार्थी आठवलेले प्रश्न व उत्तरे एकत्र करून पुढच्यांना पुरवीत असल्याचे आढळले आणि ईटीएसने त्या भागांत संगणकीय परीक्षा बंद करून पुन्हा कागद-पेन्सिल आणली. मित्राशी उत्तर ताडणे आणि प्रश्नांची साठवण करणे यांच्यातली सीमारेषा हेतूची आहे, आणि हेतू तपासण्याचे यंत्र आयबीएमने काढलेले नाही.

संस्थांनीही कधी कधी ताळतंत्र सोडले. २०१५ मध्ये न्यू जर्सीत राज्याच्या नव्या चाचणीनंतर एका विद्यार्थ्याने ट्विटरवर लिहिलेल्या मजकुराची खबर पिअर्सनने राज्य शिक्षण विभागाला दिली आणि ती शाळेपर्यंत गेली. मुलांच्या बोलण्यावर कंपनी नजर ठेवते, हे तेव्हा लोकांना प्रथम कळले आणि पालकांचा रोष ओढवला. दुसरीकडे, संस्थाच जुनी प्रश्नपत्रिका पुन्हा काढतात तेव्हा विद्यार्थ्यांच्या चर्चेतूनच ते उघड होते. ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेत झालेल्या सॅटची प्रश्नपत्रिका ऑक्टोबर २०१७ मध्ये आशियात वापरली गेली होती, ही ओरड सर्वप्रथम परीक्षा देऊन बाहेर पडलेल्या मुलांनीच केली.

कानपूरचा निकाल आणि सदाशिव पेठेतली संध्याकाळ

भारतात या वादाला न्यायालयाची वाट लवकर सापडली. उत्तर प्रदेशातील वैद्यकीय प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या कानपूर विद्यापीठाने आपली उत्तरतालिका प्रसिद्ध केली, विद्यार्थ्यांनी ती पाठ्यपुस्तकांशी ताडली आणि काही उत्तरे चूक असल्याचे दाखवून दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८३ मध्ये सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी दिलेल्या निकालातील कसोटी भारतातल्या प्रत्येक परीक्षार्थीला लागू पडते. उत्तरतालिका बरोबर आहे असेच गृहीत धरावे. ती चूक ठरवायची तर त्या विषयातला कोणताही जाणकार ते उत्तर मान्य करणार नाही, इतकी चूक उघड असली पाहिजे. ओढूनताणून केलेला तर्क चालणार नाही. विद्यार्थी त्या खटल्यात जिंकले, कारण पुस्तके त्यांच्या बाजूने होती. तालिका जाहीर करण्याच्या विद्यापीठाच्या न्यायबुद्धीमुळेच पद्धतीतले दोष तपासायची संधी मिळाली, असेही न्यायालयाने नमूद केले. २०१७ मध्ये रणविजय सिंह प्रकरणात न्यायालयाने याच कसोटीला धरून, शंका असल्यास तिचा फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला मिळेल, असे स्पष्ट केले.

ही कसोटी उताऱ्याच्या प्रश्नाला लावली, की विद्यार्थ्याची बाजू लंगडी पडते. दोन अर्थ संभवतात एवढे दाखवून भागत नाही. तालिकेतला अर्थ मुळीच संभवत नाही, हे दाखवावे लागते. अननसाच्या प्रश्नाचा निवाडा कानपूरच्या कसोटीने झाला असता, तर घुबड बहुधा जिंकले असते. वैताग आणि भूक दोन्ही शक्य होते आणि शंकेचा फायदा कंपनीला मिळाला असता. न्यूयॉर्कच्या आयुक्तांनी संदिग्धता हेच रद्द करण्यास पुरेसे कारण मानले. दोन व्यवस्थांमधला हा फरक लहान नाही.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेतील दुसरा पेपर, म्हणजे सीसॅट, २०११ मध्ये आला आणि त्यातील उताऱ्यांनी वाद सुरू केला. २०१४ मध्ये हिंदी भाषांतराच्या बोजडपणावरून दिल्लीत आंदोलन झाले. त्या वर्षी इंग्रजी आकलनाच्या प्रश्नांचे गुण धरू नयेत, असा निर्णय सरकारला घ्यावा लागला. २०१५ पासून हा पेपर केवळ पात्रतेपुरता राहिला असून २०० पैकी ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण, मिळाले की पुरते. पुरते म्हणायला सोपे. प्रत्येक प्रश्नाला अडीच गुण आणि चुकीला एक तृतीयांश वजावट, म्हणजे काठावरच्या उमेदवाराचे वर्ष दोन उताऱ्यांच्या दोन प्रश्नांत बुडू शकते, मग पहिल्या पेपरात त्याला कितीही गुण असोत. पूर्वपरीक्षेच्या रविवारी संध्याकाळी पुण्याच्या सदाशिव पेठेत अभ्यासिकांबाहेर जी कुजबुज चालते, ती या दोन प्रश्नांची असते. शिकवणी वर्गांच्या तालिका रात्रीपर्यंत येतात. गणिताच्या प्रश्नांत त्या जुळतात, उताऱ्यांत जुळत नाहीत, आणि उमेदवार आपल्या सोयीची तालिका विश्वासार्ह मानून झोपी जातो. आयोग आपली तालिका अनेक वर्षे संपूर्ण निवडप्रक्रिया संपल्यावरच जाहीर करीत असे. २०२५ मध्ये मात्र पूर्वपरीक्षेनंतर तात्पुरती तालिका देण्याची तयारी त्याने सर्वोच्च न्यायालयात दर्शविली. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची रीत आधीपासून वेगळी आहे. तेथे पहिली उत्तरतालिका प्रसिद्ध होते, हरकती मागवल्या जातात आणि तज्ज्ञांचे मत घेऊन अंतिम तालिका निघते; काही प्रश्न त्यात रद्दही होतात.

ताडून पाहायचेच असेल तर

पहिली चूक बहुतेकांची होते ती प्रश्नसंचाची. ‘अ’ संचातला सातवा प्रश्न ‘क’ संचात एकोणतिसावा असतो, पर्यायांचा क्रमही फिरलेला असू शकतो. अक्षर ताडण्यात अर्थ नसतो, पर्यायाचे शब्द ताडावे लागतात. दुसरे असे, की अनेक परदेशी चाचण्यांत काही प्रश्न केवळ पुढच्या वर्षासाठी चाचपून पाहण्याकरिता घातलेले असतात आणि त्यांचे गुण नसतात. न्यूयॉर्कच्या २०१२ च्या चाचणीतही ते होते. ज्या प्रश्नासाठी मूल रात्रभर रडते, तो मोजलाच जाणार नसतो, असे घडू शकते. हरकत नोंदवायची असेल, तर ‘सगळ्यांनी असंच लिहिलंय’ हा पुरावा होत नाही. उताऱ्यातली ओळ दाखवावी लागते.

उत्तर ताडताना सर्वाधिक सलतो तो प्रश्न, ज्यात आधीचे बरोबर उत्तर खोडून चुकीचे लिहिलेले असते. ‘पहिलं मनात आलेलं खरं असतं’ ही समजूत तिथेच पक्की होते. जस्टिन क्रुगर, डेरिक विर्ट्झ आणि डेल मिलर या मानसशास्त्रज्ञांनी इलिनॉय विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरील खोडाखोड मोजून २००५ मध्ये त्याचा हिशेब मांडला. बदललेल्या उत्तरांपैकी ५१ टक्के चुकीची बरोबर झाली होती, २५ टक्के बरोबरची चूक आणि उरलेली चुकीची चूकच राहिली होती. म्हणजे बदल बहुधा फायद्याचा. पण फायद्याचा बदल घोळक्यात कोणी आठवत नाही. गमावलेला गुण मात्र वर्षानुवर्षे लक्षात राहतो.

सॅटने या सर्वांवर आपला उपाय काढला आहे. २०२३ मध्ये इतर देशांत आणि मार्च २०२४ पासून अमेरिकेत ही परीक्षा पूर्णपणे संगणकावर आली. वाचनाचे लांब उतारे गेले. पाच-सहा ओळींचा एक परिच्छेद आणि त्यावर एकच प्रश्न, अशी रचना झाली. विद्यार्थी पहिल्या भागात कसे सोडवतो यावरून दुसरा भाग सोपा की कठीण, ते ठरते. प्रश्न मोठ्या संग्रहातून प्रत्येकाला वेगवेगळे दिले जातात आणि पूर्वी ठरावीक महिन्यांच्या परीक्षेनंतर मागवता येणारी प्रश्नोत्तरांची प्रतही आता मिळत नाही. एकाच खोलीतून, एकाच वेळी बाहेर पडलेल्या दोन मैत्रिणी सातव्याचे उत्तर विचारू लागतात, तेव्हा दोघींचे सातवे वेगळेच निघते.